घरी ठेवलेले कॅलिपर

यंदा तळ्याने दगा दिला. ताग कुजवायला निदान गुडघाभर पाणी लागतं, आणि तळ्यात होता तो नुसता चिखल. दोरवाल्याने ताग तसाच अर्धाकच्चा बाहेर काढला, वाळवला, आणि आता तो त्याच्या बोटांची सालं काढत होता. नीट न कुजलेल्या तागाचा तंतू ताठ असतो. तो मऊ पडत नाही, पीळ धरत नाही, मधेच फुटून वर येतो आणि हाताला चावतो. संध्याकाळी बायको त्याच्या तळहाताला कोमट तेल चोळायची आणि तो तोंड फिरवून ओठ चावत बसायचा. पुरुषासारखा पुरुष, तेलाला काय ओरडायचं!

दोर वळणाऱ्याला उलटं चालावं लागतं. कमरेला तागाचा झुबका बांधायचा, टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि चाक फिरवणाऱ्याकडे तोंड करून मागे मागे सरकत तंतू सोडत जायचं. घरापासून बांधापर्यंतची वाट दोरवाला डोळे मिटून उलटी चालायचा. सगळी मदार चाकावरच्या हातावर. हाताने घाई केली की दोर गाठाळतो, आळस केला की पोकळ राहतो. या घरात तो हात बहिणीचा होता आणि त्या हाताला तोड नव्हती.

तिचे पाय जन्मापासून आखडलेले. जीभही जड. आईबाप होते तोवर ती घरभर सरपटत फिरायची आणि आल्यागेल्याच्या पायात यायची. एक वाक्य बोलायला तिला इतका वेळ लागायचा की ऐकणारा मधेच उठून गुरांना वैरण टाकून यायचा. पण एकदा वाक्य पुरं झालं की समोरच्याची बोलती बंद. म्हणून अख्खं गाव तिला वकील म्हणायचं आणि तिलाही ते आवडायचं.

मग सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला व्यायामाची खोली निघाली. शहरातून एक ताई यायच्या. हसत हसत पाय असे ताणायच्या की वकील शिव्या द्यायची, आणि ताई म्हणायच्या, "दे, दे, शिव्या दिल्या की जीभ मोकळी होते." खोलीतूनच तिला पायांना बांधायचे कॅलिपर मिळाले, लोखंडी पट्ट्यांचे, चामड्याचे पट्टे लावलेले. ते घट्ट होत, सैल होत, तुटत. ताई ते पुन्हा करून आणायच्या. खोलीला पैसा सरकारचा, म्हणून हे जमत होतं. नाहीतर दोर वळणाऱ्याच्या घरात लोखंडाचे पाय कुठून येणार! आता ती खांबाला कंबर टेकून उभी राहायची आणि दिवसभर चाक फिरवायची. परसापर्यंत एकटी जायची. दोरवाल्याने तिला चाकापाशी उभी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघण्याच्या नादात त्याने तंतू तोडला होता, आणि वरून तिलाच झापलं होतं की हात नीट चालव.

खोली बंद होणार ही बातमी ताईंनीच आणली. चाकाजवळच्या दगडावर बसून त्यांनी सांगितलं, सरकार पुढच्या वर्षीच्या खर्चातून अशा खोल्यांचा पैसा काढून टाकायच्या बेतात आहे. सभागृहात अजून मंजूर व्हायचं आहे. त्याआधी आमदारबाई एक साहेब घेऊन खोली बघायला येणार आहेत.

"सगळ्यांनी या," ताई म्हणाल्या. "बोला त्यांच्याशी. हा पैसा काढू नका म्हणून सांगा. आणि जसे आहात तसे या."

वकील चाक थांबवून ऐकत होती. "मी… बोलेन," ती म्हणाली.

"तूच बोल," ताई म्हणाल्या. "तुझ्यासारखं कोण बोलणार?"

त्या दिवसापासून चाकाबरोबर तिचं भाषण फिरायला लागलं. आधी आमदारबाईंना नमस्कार, मग मी सरपटत होते, मग मी उभी राहिले, मग ही खोली गेली तर माझे पाय पुन्हा आखडतील, आणि मग एक प्रश्न, जो ती घरात कुणालाच सांगत नव्हती. "तो… तिथेच… विचारणार," एवढंच. दोरवाला उलटा चालत बांधाकडे जायचा आणि तिचा एकेक शब्द त्याच्यापर्यंत तुटक तुटक पोचायचा. त्याच्या छातीत अभिमान दाटून यायचा आणि मग लगेच शंका यायची. मोठ्या माणसांपुढे एवढा वेळ कोण थांबणार?

आमदारबाई यायच्या आदल्या दिवशी शिंपी आला. शिंप्याचा एक पाय तोकडा. फाटक उघडायच्या आधीच त्याचं बोलणं सुरू व्हायचं.

"काय रे, भाषणं पाठ करून घेतोयस म्हणे बहिणीकडून?"

"ताई म्हणाल्या बोला."

"ताईंना काय कळतंय? लहान आहेत त्या अजून. माझं काय झालं ते विसरलास?"

कोण विसरेल? शिंप्याने ते गावात इतक्या वेळा सांगितलं होतं की कुत्र्यामांजरांनाही पाठ होतं. अपंगत्वाच्या दाखल्याची तपासणी होती. शिंपी खोलीत शिकला होता तसा उंच टाचेचा बूट घालून, काठी न घेता, ऐटीत डॉक्टरांपुढे चालत गेला. डॉक्टर म्हणाले, वा, छान चालता की. आणि छान चालता म्हणून दाखल्यावरचे टक्के उतरवले. टक्के उतरले तसा सरकारकडून मिळणारा महिन्याचा पगार बंद झाला.

"चाललो म्हणून मेलो," शिंपी म्हणाला. "हिला तिथे उभी केलीस, तर साहेब काय म्हणेल? बरी झाली ही! मग खोली कशाला हवी? आणि हिचा दाखला पुन्हा तपासा म्हणाला तर? सरकारला दया आली तरच पैसा सुटतो, बाबा. बरं दिसायचं नाही. मी तर बूटच घालणार नाही. सगळ्यांना तेच सांगत फिरतोय."

दोरवाल्याला ते पटलं, आणि पटलं तेच वाईट झालं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सरकारी टेबलापुढे ताठ उभ्या राहणाऱ्याला कुणी काही देत नाही.

त्याने रात्रीचं जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. बायको भांडी गोळा करायला लागली तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्या कॅलिपर घरीच राहू देत. गाडीवर निजवून नेऊ."

वकिलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिची मान थरथरायला लागली. राग आला की ती थरथरायची. "मी… चालत… जाणार."

"तिथे चालून दाखवायचं नाही. बोलायचंही नाही. पडून राहायचं. एक दिवसाचा प्रश्न आहे."

"ते… खोटं."

"खोटं काय त्यात? अशीच होतीस ना? पुन्हा तशीच होशील खोली गेली तर. म्हणजे खरंच आहे ते."

"अहो," बायको म्हणाली, "ताई म्हणाल्या होत्या…"

"ताई जातील शहरात! हिचं मरेपर्यंत मलाच बघायचंय." मग बहीण पुन्हा तोंड उघडायला लागली, एक शब्द अडकला, जीभ धडपडायला लागली, आणि दिवसभराच्या सोललेल्या हातांचा सगळा वैताग त्याच्या तोंडून बाहेर पडला. "आयुष्यभर ओढतोय मी तुला! एक दिवस माझं ऐक!"

त्याला वाटलं ती उलट काहीतरी बोलेल, वकील आहे, सोडणार थोडीच. तो थांबलाही. पण तिने तो अर्धा शब्द गिळला आणि भिंतीकडे तोंड केलं. कॅलिपरचे पट्टे तिने स्वतःच सोडले. चामड्याची करकर बराच वेळ ऐकू येत राहिली. बायकोने मदतीला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

सकाळी दोरवाल्याने हातगाडीवर गोणपाट अंथरलं. दोराची गुंडाळी बाजारात न्यायची ती ही गाडी. बहिणीला उचलताना त्याला ती किती भक्कम झाली आहे ते कळलं. खांदे, दंड सगळं चाकाने घडवलेलं. ते दंड दिसू नयेत म्हणून त्याने जुनी चादर गळ्यापर्यंत ओढली. बायको फणी घेऊन आली.

"केस तसेच राहू देत," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग तिने नणंदेचे केस विंचरायला घेतले. त्याने फणी धरली. ओढाताण झाली नाही, पण अर्धे केस विंचरलेले आणि अर्धे विस्कटलेले राहिले, आणि तशीच गाडी निघाली.

गावातून जाताना लोक थांबून बघत होते. ज्या बाईने परवाच वकिलीला पाणवठ्याकडे चालताना पाहिलं होतं तिने तोंडावर हात नेला. "अगं बाई, काय झालं हिला?" दोरवाला म्हणाला, "काही नाही." चाकं खड्ड्यांतून आदळत होती आणि प्रत्येक हिसक्याला बहिणीचं डोकं लाकडावर आपटत होतं. तिने एकदाही हू की चू केलं नाही. ती वर बघत होती. गाडी ढकलणाऱ्याला गाडीवरच्या माणसाचा चेहरा सगळी वाट समोर दिसत राहतो. दोरवाला रस्त्याकडे बघतोय असं दाखवत होता.

तो दवाखान्याच्या ओसरीपाशी पोचला. शिंप्याने खरंच सगळ्यांना सांगितलं होतं. शिंपी स्वतः अनवाणी, भिंतीला टेकून असा वाकडा बसला होता की त्याचे दोन्ही पाय तोकडे वाटावेत. जो म्हातारा काठी घेऊन रोज चावडीवर पत्ते खेळायला जायचा, तो सतरंजीवर आडवा पडून कण्हत होता आणि मधूनच एक डोळा उघडून आमदारबाईंची गाडी आली का बघत होता. एका आईने पोराच्या पायातले खास बूट काढून पिशवीत घातले होते. पोरगं बुटासाठी रडत होतं आणि आई त्याला रडू देत होती. एरवी दोरवाल्याला हसू फुटलं असतं.

ताई खोलीतून बाहेर आल्या. सकाळपासून त्यांनी खोली झाडून, दांड्या पुसून, गाद्या उन्हात टाकून ठेवल्या होत्या. त्या ओसरीभर बघत राहिल्या. मग गाडीजवळ आल्या, चादर वर केली, आखडलेले उघडे पाय पाहिले.

"कॅलिपर कुठेत?"

दोरवाला म्हणाला, "ताई, तुम्हाला माहीत नाही, ही माणसं…"

"मी हिला उभं करायला किती…" त्या चादर नीट करून आत निघून गेल्या, आणि बाहेर आमदारबाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला.

आमदारबाई चांगल्या होत्या. हे पुढे दोरवाल्याला फार टोचलं, की त्या चांगल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाजवळ वाकून विचारपूस केली, रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला, वकिलीच्या गाडीपाशी तर त्यांचे डोळे भरून आले. साहेब मागून चालत होते. साहेबांचाही काही दोष नव्हता. दिसलं तेच त्यांनी बघितलं.

"खोली किती वर्षं चालू आहे?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी सांगितलं.

"आणि हे सगळे इथे पहिल्यापासून येतात?"

"बहुतेक सगळे."

साहेब आमदारबाईंकडे वळले आणि हळू बोलले, पण ओसरी इतकी चिडीचूप होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "बाई, आपण सभागृहात हा पैसा ठेवा म्हणून कसं सांगणार? इतकी वर्षं खर्च करून एकही माणूस उभा राहिलेला नाही. यांना घरपोच काहीतरी मदत देऊ. खोली चालवून उपयोग काय?"

शिंप्याचं तोंड उघडंच राहिलं. पत्तेवाल्या म्हाताऱ्याने कण्हणं थांबवलं. आता ताडकन उठून चालायला लागावं तर आपणच लबाड ठरतो.

"हे खरं नाही," ताई म्हणाल्या. "हे लोक चालतात. ही बाई दिवसभर उभी राहून काम करते. दोरवाले, सांगा ना तुम्ही!"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. आता एकच वाक्य बोलायचं होतं. मीच हिला निजवून आणलंय, ही चालते. त्याच्या मनात ते वाक्य तयार होतं. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे दाखला आला, तपासणी आली, बंद झालेला शिंप्याचा पगार आला, आणि इतक्या लोकांसमोर लबाड ठरण्याची लाज आली.

"चालते," तो म्हणाला. "थोडंफार."

"थोडंफार म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे… धरून."

"मग आज का नाही?"

"कॅलिपर घरी विसरलो, साहेब."

साहेब हसले नाहीत, तेवढं बरं झालं. त्यांनी मान हलवली आणि आपल्या गाडीकडे पाऊल टाकलं.

"विसरला… नाही."

आवाज हातगाडीवरून आला. आमदारबाई थांबल्या. वकिलीने चादर ढकलली होती. कोपरांवर जोर देऊन ती अर्धी उठली होती आणि तिचे दंड सगळ्यांना दिसत होते.

"काढून… ठेवले. आम्ही सगळ्यांनी… काढून… ठेवलंय. तुम्हाला… दया… यावी… म्हणून."

हे एवढं बोलायला तिला इतका वेळ लागला की साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली. पण आमदारबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी ओसरीवरच्या एकेकाकडे पाहिलं, आणि एकेकाची मान खाली गेली.

"आता मी काय खरं मानू?" त्या म्हणाल्या. रागावून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. "सभागृहात मला दहा जण अडवतील. मी काय पाहिलं म्हणून सांगू?"

"मला… विचारा," वकील म्हणाली.

"मला पुढच्या गावी जायचंय, बाळ." त्या साहेबांशी काही बोलल्या. "ठराव सभागृहात यायच्या आधी समिती बसणार आहे. लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. शहरात यावं लागेल. येशील?"

"येईन. चालत."

दोरवाला घाईघाईने पुढे झाला. निदान आता तरी. "मी घेऊन येतो हिला, बाई. मी स्वतः घेऊन येतो."

वकिलीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आमदारबाईंना म्हणाली, "दादा… नको."

घरी नेताना त्याने तिला विचारलं, पाणी हवं का. तिने नाही म्हटलं. शिंपी मागून लंगडत येत होता. "मी बापडा भल्यासाठीच…" असं काहीतरी पुटपुटत होता. दोरवाल्याला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं? शिंप्याने फक्त सांगितलं होतं. उचलून गाडीवर ठेवणारे हात दोरवाल्याचे स्वतःचे होते.

त्यानंतरचे दिवस कामातच गेले. ताग काही सुधारला नाही. वकिलीने कॅलिपर चढवले, खांबाला कंबर टेकली, चाक फिरवलं. हात एकसारखा, कुठे घाई नाही, कुठे आळस नाही. दोरात राग येऊ दिला नाही तिने. पण चाकापाशी भाषण बंद झालं. ते आता ती वहिनीपाशी म्हणायची, चुलीपुढे, दार लोटून. तो मागे मागे सरकत बांधाकडे जायचा आणि त्याला फक्त चाकाची घरघर ऐकू यायची. "ओढतोय" हा शब्द त्याला आपल्याच आवाजात पुन्हा पुन्हा ऐकू यायचा. खरं तर या घराचा घास तिच्या हाताने फिरत होता. तिने चाक सोडलं असतं तर त्याने तागाचं काय केलं असतं, खाल्लं असतं? हे त्याला त्या रात्रीही माहीत होतं. एकदा त्याने धीर करून, बांधावरूनच, मोठ्याने म्हटलं, "चुकलं माझं." चाक थांबलं नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल, आणि दुसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही.

शहरात त्या दोघीच गेल्या, नणंद आणि भावजय. ताई फाट्यावर भेटणार होत्या. वकील अंगणातून फाटकापर्यंत चालत गेली, एक हात वहिनीच्या खांद्यावर, केस चापून बसवलेले. दोरवाला फाटक उघडून धरायला धावला. ती गेली, आणि त्याने ते उगाचच बराच वेळ तसंच धरून ठेवलं. दिवसभर त्याने एकट्याने काम करून बघितलं. एक हात चाकावर ठेवून उलटं चालता येत नाही. ते त्याला ठाऊक होतंच, तरी केलं. शेवटी तो पायरीवर बसून राहिला.

बसल्या बसल्या तो त्यांच्या येण्याची तयारी करत होता. काय झालं, असं विचारायचं. समिती काय म्हणाली, तो कुणाला न सांगितलेला प्रश्न तिने विचारला का. आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं, आणि मधे बोलायचं नाही. मग त्याच्या मनात येई, तिथे तिने ते सांगितलं असेल. सांगितल्याशिवाय कसं चालेल? भावाने मला निजवून नेलं, भाऊ म्हणाला पडून राहा. साहेबलोकांनी ते लिहून घेतलं असेल. उद्या शहरातल्या कुठल्यातरी खोलीत परकी माणसं ते वाचतील आणि म्हणतील, काय भाऊ आहे.

दिवेलागणीला फाटक वाजलं. दोघी थकल्या होत्या. वकिलीचा चेहरा धुळीने माखलेला, ओठ सुकलेले. ती पायरीवर टेकली आणि कॅलिपरचा वरचा पट्टा सैल करायला लागली. पट्ट्याखालची कातडी लालभडक झाली होती. बायको हसत होती, कशाला ते कळत नव्हतं, आणि काही सांगायला तोंड उघडत होती. दोरवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि दिवसभर घोकलेलं सगळं बाजूला राहून तोंडातून भलतंच निघालं.

"माझ्याबद्दल काही सांगितलंस?"

बायकोचं हसू थांबलं.

वकिलीने तांब्या घेतला. पाणी प्यायली, सावकाश, सगळं. तांब्या खाली ठेवला. मग दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने भावाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. तिला राग आलेला नव्हता. मान थरथरत नव्हती.

"आधी… खोलीचं… विचार… दादा," ती म्हणाली.